पुळण झाडायची तर आधी पोत्याची जागा ठरवा

माझं किराणा मालाचं दुकान आहे, दापोली तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. मागच्या दाराने बाहेर पडलं की सुरूचं बन, बन संपलं की पुळण, म्हणजे समुद्राकाठची वाळू. २०१६च्या दिवाळीत मी हौसेने पिशव्या छापून घेतल्या होत्या. पातळ, गुलाबी, वर पणतीचं चित्र आणि ‘शुभ दीपावली’, खाली दुकानाचं नाव आणि फोन नंबर. पुढचा पावसाळा संपल्यावर शेजारचा मुलगा, तेव्हा तिसरीत होता, दुकानात आला आणि गल्ल्यावर वाळूने भरलेलं एक ओलं चिरगूट ठेवून म्हणाला, “काकू, तुमची पिशवी सापडली.” जणू माझं काही हरवलं होतं आणि ते त्याने आणून दिलं. पणती पुसट झाली होती. नाव मात्र स्वच्छ वाचता येत होतं. फोन नंबरातले शेवटचे दोन आकडे तेवढे गेले होते.

मी त्याला बक्षीस म्हणून चिक्की दिली. चिक्कीला प्लास्टिकचं वेष्टन होतं.

तेव्हापासून आम्ही सात-आठ जणं महिन्यातून एकदा पुळण साफ करतो. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे करता येतील तेवढ्या चुका करून झाल्या. तुमच्या गावात कोणाच्या मनात असं काही असेल तर त्या पुन्हा करू नका, म्हणून हे लिहितेय. जगाचे आकडे तुम्ही वाचले असतील. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता की २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेलं. हे आकडे वाचून छाती दडपते आणि माणूस टीव्ही लावतो. पुळणीवर उभं राहिल्यावर हिशेब पोत्यांत करायचा असतो, म्हणून पोत्यापासूनच सुरुवात करू.

पोतं जाणार कुठे?

पहिल्या वर्षी उत्साह दांडगा होता. डिसेंबर ते एप्रिल आम्ही ३८ पोती भरली. सिमेंटच्या आणि पशुखाद्याच्या रिकाम्या गोण्या गावात फुकट मिळतात, त्याच वापरल्या. टेंपोभर माल झाला की एकदम नेऊ, असं ठरवून सुरूखाली रचून ठेवल्या. आता या गोण्या म्हणजे तरी काय, विणलेलं प्लास्टिकच. उन्हात तीन-चार महिन्यांत त्यांचं सूत मरतं, हात लावला की पांढरा भुगा बोटांना चिकटतो. टेंपोवाला आज येतो, उद्या येतो करत मे महिना गेला. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत गोण्या फाटल्या, पऱ्याला, म्हणजे गावातल्या ओढ्याला, पाणी आलं आणि पाच महिन्यांचं काम एका रात्रीत परत दर्यात गेलं. वर ३८ गोण्यांचं सूत आमच्यातर्फे भेट.

त्यामुळे पहिलं पोतं भरायच्या आधी तीन ठिकाणी जाऊन या. फोनवर नको, समोर बसून बोला.

पहिला भंगारवाला. तो काय घेतो, किती साफ करून हवं आणि किती माल जमला की गाडी घेऊन येतो, हे विचारा. भंगारवाल्याइतकं प्लास्टिक गावात कोणाला कळत नाही. त्याच्याकडे अर्धा तास बसलं की पुढच्या वर्षभराचं शिक्षण होतं. दुसरी ग्रामपंचायत. वित्त आयोगाकडून येणाऱ्या निधीतला काही भाग बंधित असतो, तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करावा लागतो. टेंपोचं भाडं त्यातून मागता येतं. मात्र तोंडी मागू नका. ग्रामसभेत विषय घ्या आणि ठराव लिहून घ्या. तिसरी पंचायत समिती. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र, अशी योजना आहे. तुमच्या तालुक्यातलं केंद्र चालू आहे का, ते काय घेतं आणि त्यांची गाडी कोणत्या वारी कुठपर्यंत येते, हे विचारा. “चालू आहे” एवढ्या उत्तरावर उठू नका. मी एकदा तशी उठले होते.

आणि पोती छपराखाली ठेवायची. गोठ्याची पडवी चालेल, शाळेची जुनी खोली चालेल. आता आम्ही तागाची पोतीच वापरतो. महाग पडतात, पण धुऊन वाळवून पुन्हा वापरता येतात.

जाळायचं नाही. “किनाऱ्यावर वारा आहे, धूर जातो” असं म्हणणारा एकजण प्रत्येक गावात असतो. पीव्हीसीचा पाइप किंवा रेक्झिनचा तुकडा जळला की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं निघतात, आणि वारा तो धूर आधी तुमच्याच घरात आणून टाकतो. वाळूत पुरायचंही नाही. जून-जुलैत दर्या पुळण मीटरभर कापतो आणि पुरलेलं सगळं बाहेर काढून दाखवतो.

पंचांग काढा

शहरातली मंडळी रविवार बघतात. आम्ही तिथी बघतो. कोकणात भरतीचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. साधारण सहा तास मागे-पुढे ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. थोडं इकडेतिकडे होतं, पण काम भागतं.

आता त्यातली गोम. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतर एक-दोन दिवस उधाण असतं. पाणी सगळ्यात वर चढतं आणि जाताना कचऱ्याची रेघ अगदी वर, वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या मुळाशी टाकून जातं. मग भरती रोज थोडी थोडी कमी होते, ती रेघेपर्यंत पोचत नाही. म्हणजे पुढचे आठ-दहा दिवस तो माल तिथेच पडून राहतो, तुमची वाट बघत. त्यातही तृतीया-चतुर्थी उत्तम. सकाळी सातला गेलं तर पाणी उतरत असतं, आठ-नऊला पूर्ण ओहोटी, खालची पुळणही हाताला लागते आणि ऊन चढायच्या आत घरी. उशीर केला तर वारा हलका माल बनात उडवतो आणि वाळू रेघेवर चढते. मग तेच काम दुप्पट.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन असतो, तेव्हा कधीकधी बाहेरची मंडळी येतात. एका वर्षी आली ती ऐन भरतीला. पुळण अशी उरलीच नव्हती. सुरूखाली उभं राहून फोटो काढले, उपमा खाल्ला. उपमा थर्माकोलच्या वाट्यांतून आला होता. त्या वाट्या आम्ही पुढच्या चतुर्थीला उचलल्या. सगळे असे नसतात, काही जण खरंच कंबर मोडेपर्यंत काम करतात. पण कोणी येतो म्हणालं तर त्यांना तिथी तुम्ही सांगा आणि खाणं गावातून, स्टीलच्या ताटलीतून द्या.

हाताशी काय हवं

फार काही नको. जाड हातमोजे, बागकामाचे, रबर लावलेले. दवाखान्यातले पातळ मोजे दहा मिनिटांत फाटतात आणि तेच पुळणीवर पडतात. पायात बूट किंवा घट्ट सँडल. एक कोयता आणि एक धारदार सुरी, दोर कापायला. दोन घमेली, एक टब, चहाची मोठी गाळणी, ताणकाटा, वही आणि पेन्सिल. पेनाची शाई ओल्या हाताने फिसकटते. पिण्याचं पाणी कळशीत. लोखंडी दंताळं मी बाद केलंय, ते मर्यादवेल उपटतं. आणि जेसीबीचा मोह कोणी दाखवला तर हात जोडा. तो एका पोत्यामागे चार पोती वाळू उचलतो, वेल चिरडतो आणि पुळण दगडासारखी दाबून ठेवतो.

मर्यादवेल का जपायची? जांभळ्या फुलांची ही वेल वाळू धरून ठेवते. तिच्यात अडकलेल्या पिशव्या हाताने, एकेक काढायच्या. कंटाळवाणं काम आहे, वयस्क बायकांना द्या. गप्पा मारत मारत त्या उत्तम करतात, आणि गावातल्या अर्ध्या बातम्या मला तिथेच कळतात.

वाहून आलेलं शेवाळ, लाकूड, नारळाच्या सोडणी यांना हात लावायचा नाही. पुळण गुळगुळीत दिसावी म्हणून सगळंच उचलणारे उत्साही असतात, त्यांना थांबवा. त्या कुजणाऱ्या पसाऱ्यावर किडे, खेकडे आणि पक्षी जगतात. बाटलीच्या तोंडात डोकवून बघा, शंखातला खेकडा आत बसलेला असतो. त्याला आधी खाली काढा.

नोव्हेंबर ते मार्च आमच्या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. शेजारच्या मंडणगड तालुक्यात वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२मध्ये घरटी राखायला सुरुवात केली, तेव्हापासून बऱ्याच गावांत कासवमित्र आहेत. त्या महिन्यांत काम करायच्या आधी त्यांना विचारा, भरतीच्या रेघेच्या वर कुठेही खणू नका आणि वाळूत रुतलेलं जाळं जोर लावून उपटू नका. वर दिसतं तेवढं कापून घ्या. कासवं स्वच्छ पुळणीवर परत येतात, हे मुंबईतही दिसलंय. वर्सोव्याला अफरोझ शाह या वकिलाने ऑक्टोबर २०१५मध्ये सफाई सुरू केली, आणि मार्च २०१८मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. अडीच वर्षं लागली, दर आठवड्याच्या कामाची.

इंजेक्शनच्या सुया, औषधाच्या बाटल्या मुलांना उचलू द्यायच्या नाहीत. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात जमा करा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. बंद पिंप, न ओळखता येणारा डबा दिसला तर लांब राहून ११२ला फोन. पावसाळ्यात निळे फुग्यासारखे जीव वाळूवर येतात, ब्लू बॉटल म्हणतात, मेलेलेही डंख मारतात. आणि पायाला डांबराचे गोळे चिकटले तर रॉकेल नको, खोबरेल तेल चोळा, निघतात.

बारीक माल

बाटल्या उचलल्या की पुळण साफ दिसते. मग खाली बसा. गुडघे टेकून एक हातभर जागा बघा. थर्माकोलचे दाणे, झाकणांचे तुकडे, दोराची हिरवी-निळी सुतं, आणि कधीकधी मसुराएवढे गोल, दुधी, एकसारखे मणी. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा कुठल्यातरी माशाची अंडी समजले होते. तो कारखान्यात जाणारा कच्चा माल असतो, याच मण्यांपासून बादल्या-बाटल्या ओततात. २०२१मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळालं तेव्हा सुमारे १,६८० टन असे मणी समुद्रात गेले. मे २०२५मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं तेव्हा तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर त्यांचा सडा पडला होता.

हे बोटांनी वेचायला गेलात तर आयुष्य जाईल. टब अर्धा समुद्राच्या पाण्याने भरा. रेघेवरची वरची दोन बोटं वाळू ओंजळीने टबात सोडा आणि हाताने एकदा ढवळा. वाळू आणि शंख-शिंपले तळाला, थर्माकोल आणि मणी वर. अर्धं मिनिट थांबा. चहाच्या गाळणीने वरचं उचला, शेवाळ आणि लाकडाचा चुरा वेगळा काढून परत पुळणीवर टाका. खालची वाळू आणि पाणी जिथलं तिथे. कोरडी वाळू असेल तर पिठाच्या चाळणीनेही जमतं, पण वारा असला की थर्माकोल चाळणीतून उडून शेजारणीच्या केसांत जातो. मुलांना टबाचा खेळ फार आवडतो. एका सकाळी एका टबातून वाटीभर माल निघतो. वाटीभरच, पण माशाच्या तोंडात मावणारा माल हाच असतो.

निवड आणि बादलीची परीक्षा

गोळा केलेलं छपराखाली आणून गोड्या पाण्याने एकदा खळबळून घ्या. वाळू राहिली तर भंगारवाला वजनात कापतो, आणि बरोबर करतो. मग ढीग करायचे. पाण्याच्या बाटल्या एका बाजूला, झाकणं काढून. कडक माल, म्हणजे झाकणं, कॅन, फुटक्या बादल्या, दुसरीकडे. दोर आणि जाळी तिसरीकडे. पातळ पिशव्या, ज्याला भंगारवाला पन्नी म्हणतो, त्या चौथ्या. चकचकीत पुड्या, वेफर्सच्या, शांपूच्या, गुटख्याच्या, पाचव्या.

एखादा तुकडा कशाचा आहे कळत नसेल तर बादलीत टाका. बाटलीचं प्लास्टिक बुडतं, झाकणाचं तरंगतं. पीव्हीसीही बुडतं. बाटली समुद्रावर तरंगत येते ती झाकण घट्ट असल्यामुळे, आत हवा असते म्हणून. झाकण नसलेली पाण्याने भरून तळाला जाते. म्हणजे किनाऱ्यावर दिसते त्याखेरीज बरीच खाली आहे, हे बादलीपाशी बसल्यावर डोक्यात शिरलं.

आता कडू गोष्ट. समुद्रातून आलेल्या मालातला निम्मा तरी कोणी घेत नाही. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने प्लास्टिक ठिसूळ होतं, दाबलं की कटकन मोडतं. चकचकीत पुड्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटत नाहीत. भंगारवाला त्यांना हातही लावत नाही. त्या तालुक्याच्या केंद्रात द्यायच्या, तिथून त्या सिमेंटच्या भट्ट्यांत जळण म्हणून पाठवता येतात. चपला, डायपर, थर्माकोल हे तर कोणाचेच नाहीत. लोक म्हणतात, कचऱ्यातून सोनं. आमच्या पोत्यातून जे निघतं त्यात टेंपोचं डिझेल सुटलं तरी मी पेढे वाटते.

वही

हे काम सगळेच टाळायला बघतात, आणि हेच सगळ्यात कामाचं. दर वेळी एकाच ठिकाणापासून, आमच्याकडे पडक्या होडीपासून, शंभर पावलं मोजायची. तेवढ्या पट्टीत सापडलेली प्रत्येक वस्तू वहीत लिहायची. बाटली, पुडी, दोर, चप्पल, स्ट्रॉ, पाणीपाऊच. जमलं तर पुडीवरची छापलेली तारीख आणि दुकानाचा, लग्नाचा, पक्षाचा शिक्का.

तीन महिन्यांत चित्र दिसायला लागतं. आमच्या वहीत सगळ्यात जास्त निघाले दोराचे आणि जाळ्याचे तुकडे, त्याच्या मागोमाग पाच-दहा रुपयांच्या पुड्या. मला वाटत होतं पर्यटक घाण करतात. करतात, सुट्टीच्या आठवड्यात बाटल्यांचा आकडा फुगतो. पण बारा महिने जे येत होतं ते आमच्या बोटींवरून, पऱ्यातून आणि माझ्या दुकानातून येत होतं. वही नसती तर मी अजून मुंबईकरांना शिव्या देत बसले असते.

वही घेऊन दारोदार

पहिलं दार माझंच. आधी कायदा सांगते. महाराष्ट्रात मार्च २०१८मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. १ जुलै २०२२पासून देशभर स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, कप, थर्माकोलच्या सजावटी बंद झाल्या. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरपासून १२० मायक्रॉनहून पातळ पिशवीही चालत नाही. कागदावर सगळं आहे. तरी घाऊक बाजारात मागच्या दाराने पातळ पिशवी मिळते आणि दुकानदाराला ती घ्यायचा मोह होतो, कारण समोरचं गिऱ्हाईक हात हलवत येतं. मी काय केलं? दहा जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि खुंटीला टांगल्या. न्या आणि परत आणा. पहिल्या महिन्यात दोन परत आल्या. मग पिशवीमागे २० रुपये ठेव घेतली, पिशवी आणली की पैसे परत. आता बहुतेक येतात. डाळी-कडधान्य कागदाच्या पुडीत बांधते, सासूबाईंनी शिकवलेली गाठ अजून हातात आहे.

वेफर्स मात्र मी बंद करू शकले नाही. खोटं कशाला बोलू? शेजारच्या दोन दुकानांत मिळतात आणि माझं पोट त्यावर आहे. म्हणून वीस रिकाम्या पुड्या आणल्या की एक राजगिऱ्याचा लाडू, बरणीतला, उघडा, अशी योजना काढली. पहिल्या आठवड्यात एका पठ्ठ्याने दोनशे पुड्या आणल्या. चौकशी केली तर तालुक्याच्या एसटी स्टँडवरची कचरापेटीच रिकामी करून आला होता. दहा लाडू दिले. शब्द तो शब्द.

दुसरं दार बोटींचं. इथे उपदेश चालत नाही. मी एका ओळखीच्या तांडेलाकडे, म्हणजे बोटीच्या म्होरक्याकडे गेले, वही दाखवली. तो शांतपणे बघत होता. मग म्हणाला, “वहिनी, पोतं ठेवीन बोटीवर. पाणीपाऊच, दुधाच्या पिशव्या, जाळ्याची कापलेली टोकं, सगळं भरून आणीन. पण बंदराला लागल्यावर देऊ कोणाला? मासळी उतरवू की कचरापेटी शोधत फिरू?” खरं होतं. हर्णै बंदरात संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या वेळी पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आम्ही बंदरात एक पिंप आणि एक माणूस ठरवला, आठवड्यातून तीन संध्याकाळी. केरळात कोल्लमजवळ नींडकरा बंदरात २०१७मध्ये ‘शुचित्व सागरम’ सुरू झालं, ते याच धर्तीवर. मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लास्टिक पिशवीत भरून आणतात, ते धुऊन, बारीक करून रस्त्याच्या डांबरात घालतात. तिथे सरकार मागे उभं राहिलं. आमच्याकडे सध्या पिंप आहे.

बोलताना तांडेलाच्या फायद्याचं बोला. तुटकं जाळं पाण्यात सोडलं तर ते मासे मारत राहतं, ज्यांना विकायला कोणी नसतं, आणि एक दिवस त्याच्याच बोटीच्या पंख्यात गुंततं. आणखी एक गोष्ट बऱ्याच खलाशांना माहीत नसते. कासव, देवमाशासारखा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडून जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. फोटो किंवा व्हिडिओ लागतो. मोबाइल सगळ्यांच्या खिशात असतोच. पोती वाटायची वेळही साधा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, माणसं जाळी विणत निवांत बसलेली असतात. जुलैच्या शेवटी गेलात तर ऐकून घेतात. नारळी पौर्णिमेनंतर गेलात तर कोणाला वेळ नाही.

तिसरं दार पऱ्या. गावातलं सगळं पऱ्यात जातं आणि पऱ्या दर्यात. मिरगाच्या आधी आम्ही त्याच्या तोंडाजवळ जुन्या जाळ्याचा अडसर बांधतो. दोन काठांना पक्के खांब, मध्ये एकाला एक बांधलेले बांबू पाण्यावर तरंगते, बांबूंना दीड फूट जाळं खाली सोडलेलं. आडवं सरळ बांधू नका, तिरकं बांधा, म्हणजे कचरा प्रवाहाने आपोआप एका काठाला सरकतो आणि तिथे उभं राहून काढता येतो. जाळं तळापर्यंत नेऊ नका. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर येतात, त्यांना खालून वाट हवी. नाहीतर कचऱ्यासाठी लावलेल्या जाळ्यात मासे मरतील, आणि गावातले लोक ते मिटक्या मारत खातील, ते वेगळं.

एका खांबाला पक्की गाठ, दुसऱ्याला सरकती. लोंढा आला आणि जाळं भरलं की दाब वाढतो. वेळेवर मोकळं केलं नाही तर खांबासकट सगळं जातं, किंवा पाणी तुंबून वरच्या वाडीत शिरतं. म्हणून सरकती गाठ ज्याच्या घराजवळ आहे तो माणूस जागा राहणारा हवा. पाण्यात कोणी उतरायचं नाही, जे काही ते काठावरून, आकडीने.

आमच्याकडे ती गाठ त्या पिशवीवाल्या मुलाकडे आहे. आता अकरावीत आहे, रात्री मोबाइल बघत जागाच असतो. पहिला पाऊस पडला की दोनच्या सुमाराला त्याचा फोन येतो, “काकू, भरलं.” मग बॅटरी आणि पोती घेऊन निघायचं. तागाची.